वाफराणीचे हात

— नाही, थांब, पान उलटू नकोस. हेच पान. हा कोण? हा पांढऱ्या कोटातला, देखणा, केस वाऱ्यावर उडताहेत तो — बंद खोलीत वारा कुठून आला गं? — शास्त्रज्ञ? बरं. आणि शास्त्रज्ञ धुलाई कारखान्यात काय करत होता, चादरी धुवायला आला होता? हसू नकोस. मी विनोद करत नाहीये. म्हणजे करतेय, पण रागानं करतेय. चहा घे, निवतोय तो.

हे बघ, तुझ्यावर माझा राग नाही. लहानपणी माझ्या वाफराणीच्या चित्रकथेचे अंक उशीखाली ठेवून झोपायचीस म्हणालीस, मला बरं वाटलं — खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. आणि आता कंपनीनं तुलाच तिची जन्मकथा नव्यानं लिहायला दिली. चांगलंय. नवे रंग, गुळगुळीत कागद, आणि चित्रकाराची रेषा सुरेख आहे, हे मी चित्रकार म्हणूनच सांगते. पण ही चौकट वाच बरं. मोठ्यानं वाच. नाही? मग मीच वाचते. ‘खोलीत वाफ कोंडली. ती बेशुद्ध पडली. त्यानं तिला उचलून बाहेर आणलं आणि आपलं औषध तिच्या नसांत सोडलं.’ त्यानं उचललं. त्यानं आणलं. त्यानं सोडलं. आणि तिनं काय केलं? पडली! अख्ख्या जन्मकथेत बाईनं केलेलं काम एकच — पडली.

माझ्या पहिल्या अंकात ती आत नव्हतीच. आठवतंय ना? तू वाचलायस ना? ती बाहेर होती. वाळवणीच्या खोलीत बाकीच्या बाया अडकलेल्या, दाराला बाहेरून कडी, कडीच्या शेजारचा वाफेचा नळ फुटलेला — आणि ही बाहेर, बोळात. पाणी प्यायला म्हणून गेलेली. सुटलेली होती ती! मागे मोकळा जिना होता. चार पावलं मागे गेली असती तर तिला कोणी नावं ठेवली नसती. ती पुढे गेली. वाफेत हात घातला आणि कडी ओढली. तिथे ती वाफराणी झाली. औषध नाही, आकाशातला दगड नाही, कुणाचा आशीर्वाद नाही. मागे जिना असताना पुढे गेली — झालं, एवढीच तिची शक्ती. उडणं-बिडणं, वाफेवर स्वार होणं, ते सगळं नंतर मी गंमत म्हणून जोडलं. मुलांना उडायला आवडतं.

आणि तू काही पहिली नाहीस हं. ती ज्यात छापून यायची ते साप्ताहिक मी सोडलं आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी तिला कारखानदाराची हरवलेली मुलगी केलं. का, तर साध्या इस्त्रीवालीला एवढं धाडस कुठून येणार! त्यानंतर एकानं तिचा होणारा नवरा मारला, म्हणजे तिला रागवायला कारण मिळालं. जसं काही आमच्याकडे रागवायला कारणांचा दुष्काळ होता. दोन्ही वेळेला मी मूग गिळून बसले. हक्क कंपनीकडे आहेत, ठाऊक आहे मला, सांगू नकोस. मग माझ्याकडे कशाला आलीस? समारंभात खुर्चीवर बसवायला. मी म्हातारीनं माइक घ्यायचा आणि म्हणायचं, ‘वा, माझी पोरगी किती छान दिसतेय.’ नाही म्हणणार. तिला कुणीतरी उचलून बाहेर आणलं हे एकदा झालंय, तेवढं पुरे. आणखी एकदा मी होऊ देणार नाही.

काय? एकदा कधी? … असं म्हणाले का मी? बोलण्याच्या भरात आलं असेल. चहा —

बरं, ऐक. नाहीतरी अर्धं बोललेच आहे. माझी थोरली बहीण. ताई. ती होती धुलाई कारखान्यात, इस्पितळांच्या चादरी यायच्या तिथे. ती कमवायची, मी शिकायचे, घरात तिसरं कुणी नव्हतं. बाया मधेच हवा खायला बाहेर पडतात म्हणून मुकादम वाळवणीच्या खोलीला कडी घालायचा. रोज घालायचा, सगळ्यांना माहीत होतं, मालकालाही. त्या दिवशी नळ फुटला आणि सगळ्यांत आधी जिना कुणी गाठला? मुकादमानं. ताईच्या अंगाला घासून गेला तो. ती त्याच्यामागून गेली असती, तर — तर आतल्या सगळ्या… पुढचं तुला पाठच आहे. तूच मघाशी म्हणालीस, त्या पानावर तुझा श्वास अडकायचा. ते पान मी मनानं नाही काढलं. मला ते आतून जिवंत सुटलेल्या एकीनं सांगितलं, इस्पितळाच्या बाकावर बसून, माझा हात धरून.

आणि वर्तमानपत्रात काय आलं? मुकादमानं दार उघडलं, ताईला उचलून बाहेर आणलं! जिवावर उदार होऊन! त्याचा फोटो, त्याला बढती, मालकानं त्याच्या पाठीवर ठेवलेला हात. ताईचं नाव जखमींत. आतल्या बाया ओरडून सांगत होत्या, पण त्यांना विचारतंय कोण, नोकऱ्या टिकवायच्या होत्या त्यांनाही. मी ते वर्तमानपत्र घेऊन ताईच्या खाटेपाशी उभी राहिले आणि रागानं रडले. ती म्हणाली, ‘तू चित्रं काढतेस ना? मग रडतेस काय? काढ.’ बस्स. तेव्हा मी दुकानांच्या पाट्या रंगवत होते. पानं काढली आणि गेले साप्ताहिकात. संपादकांनी नाक मुरडलं — नायिका? इस्त्रीवाली? मुलगे वाचणार नाहीत. मी म्हटलं, मुली वाचतील, त्यांना डोळे असतात. हसले आणि छापलं. नाव मात्र त्यांनी ठेवलं, मला ते आवडलं नव्हतं, ताईला आवडलं. म्हणाली, ‘बघ, राणी झाले.’

म्हणून म्हणते, ही कथा बदलायची नाही. एक रेघसुद्धा नाही. जशी घडली तशी मी काढली, आणि —

असं बघू नकोस माझ्याकडे. हातांचं विचारतेयस ना? हुशार आहेस. हो. वाफराणीचे हात पहिल्या अंकापासून धडधाकट आहेत. उकळत्या वाफेत घातलेले हात आणि डाग नाही. आणि ताईचे… ताईची बोटं तेव्हाच जुळली ती जुळलीच. पेला दोन्ही तळव्यांत धरते. वेणी मी घालायचे, आता वेणीपुरते केस राहिले नाहीत, तर विंचरते. मग मीही बदललंच की! बदललं. तुझं म्हणणं बरोबर आहे. पण बदललं ते तिला विचारून. पहिल्या कच्च्या चित्रात मी खरे हात काढले होते, भाजलेले, जसे पट्ट्या सोडल्यावर पाहिले तसे. तिनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, ‘एकीचे तरी चांगले राहू देत गं.’ मी खोडलं आणि नवे काढले. इतके सुंदर हात मी पुन्हा कधी काढले नाहीत. तुमच्या त्या देखण्या शास्त्रज्ञाला विचार, कुणाला विचारून आला तो या पानात? हा फरक आहे, पोरी. ज्यानं ते सोसलं, त्याला विचारलंस का?

— काय म्हणालीस? पुन्हा म्हण.

शास्त्रज्ञ काढून टाकशील. बरं. आणि हात? खरे हात काढायचे म्हणतेस? मुलं घाबरतील असं कंपनी म्हणेल. तू भांडशील? तोंडानं बोलणं सोपं आहे… नाही, नाही, माझ्याकडे परवानगी मागू नकोस. ती मी द्यायची नाहीच. माझे हात बघ, शाईशिवाय काही लागलेलं नाही त्यांना. तिला विचारावं लागेल, आणि ती नाही म्हणाली तर नाही. तुम्हा दोघींत मी तिची बाजू घेईन, तुझी नव्हे, हे आत्ताच सांगून ठेवते. कदाचित हो म्हणेल. आता तिला त्या हातांची लाज वाटत नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही. पण आज नको. या पानांवर तर तिची नजर मुळीच पडायला नको, तो तिला उचलून नेतोय —

ऐक. जिन्यावर आवाज आला ना? तीच. बागेतून आली. आवर ते सगळं, पिशवीत टाक, पटकन. ओळख नंतर. जाताना तिला वाट दे आणि गप्प खाली उतर. — आले गं ताई, आले! — ऊठ, बाई, निघ आता. तिच्या कोटाची बटणं मला काढायची असतात, आणि परक्या माणसासमोर ती काढू देत नाही.