वेलीखालचा खांब

लसीसाठी नंबर लावून ती बाळाला थोपटत बसली होती. पाठीमागच्या बाकावरचे आवाज ओळखीचे निघाले: तिचं घर बांधणारा कंत्राटदार आणि त्याचा मेव्हणा, मिस्त्री. तिने कान टवकारले.

“दाजी, गॅलरी अधांतरी हवीय त्यांना. खाली खांब नको म्हणे.”

“कागदावर हत्तीही उडतो. तू गुपचूप खांब घाल.”

“त्या ताई रोज टपकतात. डोळ्यांत तेल घालून बघतात.”

“मग खांबावर वेल चढव. वेलीचा मांडव आहे म्हण.”

“आणि खांब टाळलाच तर?”

“तुझी बहीण आत ज्याला लस द्यायला घेऊन गेलीय, त्या भाच्याला उभा करशील तिथं?”

“छे!”

“मग त्यांचं बाळ काय रबराचं आहे?”

ती वळली.

“अरे बापरे! ताई, तुम्ही?”

“खांब घाला,” ती म्हणाली. “वेल मात्र नको. खांब मला रोज दिसला पाहिजे.”