सुशीलचा घुटना पाहाले गेलो तवा

नाही, पन तुमीच सांगा ना, दुश्मन टीमचा मालक सकाळी सकाळी आपल्या कोचच्या दुकानात येते, उलट्या ठेवलेल्या सायकलीयच्या बाजूले बाकड्यावर बसते, आपल्या हातानं आपल्या कोचले चहा देते आन म्हनते, "नत्थूजी, तुमी ना त्या हिंगण्याच्या सुशीलले घेऊन टाका, इचारच करू नका, पोट्टं सोनं हाये"... काहून? मी इचारतो, काहून? सोनं हाये तं तू घाल ना गा आपल्या गळ्यात, आमच्या गळ्यात काहून घालून राहिला?

आता तुमी म्हनसान हा कोन. हा चंपतराव, मनीषनगरच्या टीमचा मालक. आमी हुडकेश्वरवाले. आमच्या इथी दर साली आठ वस्त्यांची कबड्डी होते, आठ दिवस, संध्याकाळी सहापासून, लाईटीत. आन नियम असा हाये का प्रत्येक टीमनं आपल्या वस्तीचे सहा पोट्टे घ्याचे आन सातवा बाहेरचा. बाहेरच्यायची एक यादी असते, त्यातून एकेक टीमनं पाळीपाळीनं एकेक नाव उचलाचं. आन पहिली पाळी कोनाची? जो मागच्या साली सगळ्यात खाली होता त्याची. म्हनजे आमची, आन दुसरी चंपतरावची. याच्यात काही शरमाची गोष्ट नाही, कोनी ना कोनी खाली राहाच लागते.

तं यादीत कामाची नावं दोनच. एक जितेंद्र, रेडर, समोरच्यायच्या अंगनात घुसून हात लावून येनारा. आन दुसरा हा सुशील, डावा कोपरा. डावा कोपरा म्हनजे काय, का तिथी चुपचाप मांजरीसारखं उभं राहाचं आन रेडर आला का त्याचा घोटा धराचा. बस. लय काही अक्कल लागत नाही त्याले. मी दोन साल झाले तेच करून राहिलो ना.

हो, आमच्या टीमचा डावा कोपरा म्हनजे मी. आता तुमी लगेच म्हनू नका का अच्छा, म्हनून याच्या पोटात दुखून राहिलं. माह्या जागेचा प्रश्नच नाही, मी टीमचा इचार करतो. मी नत्थूजीले पहिलेच सांगतलं, "काकाजी, आपल्याले रेडर पायजे." नत्थूजीचं सायकलचं दुकान हाये, तो मानूस जगात कोनतीही गोष्ट ट्यूब पाण्यात बुडवल्याबिगर पाहूच शकत नाही. तो म्हने, "प्रशिक, आयक. मागच्या साली हवा कुठून गेली आपली? डाव्या कोपऱ्यातून. चंपतरावचा रेडर एका मॅचमंधी अकरा डाव तुह्या अंगावरून गेला. मी मोजले." मी म्हनलं, "माह्या डोळ्यात लाईट गेला होता." म्हने, "अकराही डाव?"

आता याले काय सांगाव. आन एक सांगतो, कोनाले म्हनू नका... आपला जो आत्ताचा रेडर हाये ना, तो नत्थूजीचा भाचा हाये. म्हनजे जितेंद्र आला तं भाचा बाहेर, सुशील आला तं मी बाहेर. आन नत्थूजीले कोन पायजे? सुशील. काहून? मी काही म्हनत नाही, मी फक्त इचारून राहिलो.

मंग मी त्या सुशीलचा फारम पाह्यला. सगळ्या खेळाडूयचे फारम नत्थूजीच्या दुकानात एका डब्यात ठेवले होते, खाली सायकलचे छर्रे, वरतं फारम. तुमाले सांगतो, मी तो फारम उन्हात धरला. फोटो पाह्यला, फोटोत पोट्टा भल्ला गोरा, मोबाईलमंधून गोरा केल्यावानी. सही पाह्यली, सही वाकडी. जन्मतारीख पाह्यली, एक जानेवारी. एक जानेवारीले कोन जन्मते? शाळेतले मास्तर पाडते ती तारीख. वजन, उंची, सगळं पाह्यलं. शेवटची एक ओळ राह्यली होती, तिच्यावर ग्रीसचा डाग होता, आन शेवटची ओळ तसीही कोन वाचते? दहावीच्या पेपरात मी पहिली बी नाही वाचली, म्हनून तं गणित अजून बाकी हाये माह्यं.

पन माह्या मनात पक्कं बसलं का याचा घुटना खराब असन. नाही तं चंपतराव एवढं चांगलं पोट्टं काहून सोडन? म्हनून मी ठरवलं, जाऊन पाहाचं.

आता हिंगण्याच्या ज्या कंपनीत हा सुशील कामाले हाये, त्याच कंपनीत माहे बाबा बी हायेत. बाबा फर्स्ट शिफ्टले, तीन वाजता त्याच गेटातून बाहेर निघते. म्हनजे बाबानं मले तिथी पाह्यलं तं माह्याच घोट्याची पकड. म्हनून मी काय केलं, आईचा दुपट्टा तोंडाले गुंडाळला, इथी उन्हात पोरी बांधते ना, फक्त डोळे दिसते, तसा. दोन बसा बदलल्या. दुसऱ्या बसमंधी एक बाई मले म्हने, "बस वं बाई, जागा हाये." मी बसलो. जागा सोडाची कायले?

अडीच वाजता गेटासमोरच्या पानठेल्यामागं उभा राह्यलो. कंपनीची बस आली. पोट्टे उतरले, आन त्यात हा सुशील. फोटोपेक्षा दोन शेड काळा, म्हनलं पहिला डाऊट बराबर निघाला. हातात डब्याची पिशवी, आन उतरला तो लंगडत. लंगडत, बर का. मी म्हनलं, सापडलं पंक्चर.

पन माह्या मनात आलं का लंगडते तं लंगडते, पयता येते का नाही ते पाहाव. म्हनून मी गेलो, त्याच्या हातातली पिशवी हिसकली आन पयालो. चोरी नाही, टेस्ट. पिशवीले गाठ मारून बाजूले ठेवून देनारच होतो. तं मी पयालो... एक, दोन, तीन, चार... सहावं पाऊल मी टाकलंच नाही. पाय होता जिथीच्या तिथी, बाकीचा मी पुढं गेलो. तोंडात माती, डब्यातली वांग्याची भाजी गरम गरम पाठीवर, आन डाव्या घोट्याले असा शिकंजा का मले वाटलं मशीनमंधीच पाय गेला. पडल्या पडल्या बी माह्या मनात आलं, वा, पकड होय तं ही.

तो म्हने, "कोनत्या टीमचा?"

मी म्हनलं, "टीम? कोनती टीम? मी तं रस्त्यानं जाऊन राह्यलो होतो."

"माह्या डब्यासंग?" तो म्हने, "या हप्त्यातला तू चवथा हायेस गा. सगळ्यायले माहा घुटना पाहाचा हाये. अरे घुटना चांगला हाये, बूट नवे देल्ले कंपनीनं, टाच सोलली माही." मंग मले उठवलं, दुपट्टा झटकून देल्ला, रिकामा डबा उचलला आन म्हने, "पाहून झालं असन तं जा आता, भोंगा वाजून राह्यला, मले आत जा लागते." आन आत गेला. अडीच-तीन वाजता, भरलेला डबा घेऊन आलेला मानूस, आत गेला. मी हे सगळं माह्या या दोन डोळ्यानं पाह्यलं आन परत आलो. आन इचार काय केला? का चार टीमायनं घुटना पाह्यला, चारहीयले पटला, तरी कोनी घेऊन नाही राह्यला... काहून?

रात्री जेवताना बाबा म्हने, "आज गेटावर एका पोरीनं सुशीलचा डबा पळवला म्हनते. बिचारा अकरा वाजेपर्यंत उपाशी राहीन. कोनाची कारटी हाये कोन जाने." आई म्हने, "माय वं, पोरी बी आता." मी खाली मान घालून भाकर खाल्ली. त्या टायमाले मी बाबाले एक सवाल इचारला असता, फक्त एक, तं आज तुमच्यासमोर ही बोंब माराची पाळी नसती आली. पन बाबाले कोन इचारते काही?

नावं उचलाच्या दिवशी समाजभवनात आठही टीमा जमल्या. चंपतराव पहिल्या रांगीत बसून हसून राह्यला, मांडीवर हात, नवरीचा मामा बसते तसा. मी नत्थूजीच्या कानात म्हनलं, "काकाजी, मी स्वतः हिंगण्याले जाऊन आलो. सुशीलचा घुटना गेला. लंगडते. घ्या जितेंद्रले."

आता हे खोटं होतं, मान्य. पन अर्धं. लंगडत तं होताच ना.

नत्थूजीनं माह्याकडं पाह्यलं. तुमाले सांगतो, मागच्या महिन्यात मी टीमच्या ग्रुपवर टाकलं होतं का उद्या प्रॅक्टिस पहाटे पाचले, मंग नत्थूजी सोडून सगळ्यायले फोन करून सांगतलं का मजाक हाये, आन नत्थूजी एकटा मैदानात सहापर्यंत शिट्टी वाजवत बसला होता. ते सगळं त्याच्या डोळ्यात मले दिसलं. तो म्हने, "तू म्हनतं का खराब हाये?" मी म्हनलं, "आईच्यान." तो उठला आन म्हने, "लिहा जी. हुडकेश्वर... सुशील."

आन चंपतरावनं दुसऱ्या पाळीत जितेंद्रले असं उचललं, जसं पोरगं भूक लागल्यावर ताटातली पोळी उचलते. आन मंग हसला. आन मंग सगळ्या टीमा हसल्या. नत्थूजीनं तिथीच सुशीलले फोन लावला, स्पीकरवर, का सोमवारी सहाले मैदानात ये. तं तो म्हने, "आलो असतो ना काकाजी, पन मले महिनाभर सेकंड शिफ्ट हाये, तीन ते अकरा. मी तं फारमवर लिहून देल्लं होतं. शेवटच्या ओळीत."

शेवटच्या ओळीत.

आता बाकी लोकं चूप बसले असते. मी बसलो का? मले तं एवढा आनंद झाला का माही जागा वाचली, मी उभा राहून सगळ्यायच्या समोर म्हनलं, "सांगतलं होतं का नाही मी? डाऊट होता मले. अन् ती शिफ्ट बी काही हलत नाही, माह्या बाबाले इचारा, त्याच कंपनीत हायेत माहे बाबा, तिथी शिफ्ट बदलाची असन तं दुसरा मानूस शोधा लागते, दोघायनं अर्जावर सही केली तं..."

इथी माही गाडी हळू झाली.

नत्थूजी म्हने, "तुह्या बाबाची कोनती शिफ्ट हाये?"

मी म्हनलं, "कोनाची?"

"तुह्या बाबाची."

"...फर्स्ट."

अख्खं समाजभवन माह्याकडं पाहून राह्यलं होतं. चंपतराव बी पाहून राह्यला होता, आन त्याचं हसनं हळूहळू नत्थूजीच्या तोंडावर जाऊन राह्यलं होतं.

बाबा तं लगेच तयार. म्हने, "चालन ना, मले बी पहाटे पाचले उठाचा कंटाळा आला." तवा नत्थूजी मनातून खुश, सुशील खुश, बाबा खुश. आई तेवढी म्हने, "पन यायले ॲसिडिटी हाये, दुपारचं भरलेलं रात्री खाल्लं का जळजळ होते. साडेसातच्या सुट्टीत गरम डबा पायजे." आन मंग म्हने, "आता तो डबा नेईन कोन?" आमच्या घरात तीन मानसं. सवाल कोनाले होता, हे मले कळाले काही टाईम नाही लागला.

तं असं झालं. रोज पाच वाजता आई भाजी टाकते, साडेपाचले मी निघतो, दोन बसा, तोच पानठेला, तोच गेट. इकडं सहाले मॅच सुरू. मी बसच्या खिडकीत मोबाईलवर पाहून राहिलो का माह्या कोपऱ्यात, माह्या जागेवर, सुशील घोटे धरून राह्यला. पहिल्या मॅचले पाच पकडी. दुसरीले सात. उपांत्य सामन्यात चंपतरावच्या जितेंद्रले त्यानं एवढ्यावेळा पाडलं का मोबाईलवर बोलनारा पोट्टा म्हने, याले आता चटईच देऊन टाका. मले खराब वाटलं नाही. थोडंसं वाटलं. मांडीवर डबा गरम लागून राह्यला होता, त्याच्यानं बी असन.

आन त्याच दिवशी, गेटासमोर मी उतरलो, दोन पावलं टाकली नाही तं एक पोट्टा आला, माह्या हातातला डबा हिसकला आन पयाला.

मी इचार नाही केला, आईच्यान. मी झपटलो. खाली वाकलो, आन धरला. डावा घोटा. असा धरला का पोट्टा तोंडावर, डबा तिकडं, कढी रस्त्यावर, आन मी हलून नाही राह्यलो. दोन सालात पहिली पकड माही, एकदम साफ. आन तिथी कोन होतं? पानठेलेवाला. तो बी चुना लावून राह्यला होता, त्यानं पाह्यलंच नाही.

मी म्हनलं, "कोनत्या टीमचा?"

तो म्हने, "सोड ना गा. मनीषनगरचा. चंपतरावनं पाठवलं, पुढच्या सालच्या यादीसाठी. टीममंधून काढलेला पोट्टा यादीत येते ना. त्याले डावा कोपरा पायजे."

मी म्हनलं, "आन माहं नाव त्याले कोनं सांगतलं?"

म्हने, "तुमच्याच नत्थूजीनं. काल चंपतरावले दुकानात बोलावून चहा पाजला. म्हने, त्या प्रशिकले घेऊन टाका, इचारच करू नका, पोट्टं सोनं हाये."

काहून? तुमी इचारा ना आता, काहून. माह्या जिंदगीत पहिल्या डाव मले 'काहून' इचारा नाही लागलं. बाबाले शिफ्ट एवढी आवडली का त्यायनं कालच कंपनीत लिहून देल्लं, आता कायमची हीच ठेवा, आन दुकानात जाऊन नत्थूजीले बी सांगून आले.

म्हनजे मी दोन सालात पहिल्या डाव कोनाले तरी टीममंधी पायजे हावो, आन मले सेकंड शिफ्ट हाये.