दाराशी टांगलेला मीटर

...आणि वर मलाच म्हणतो, "आर्वो, मीटर तर बरोबर दाखवतोय!"

तुम्हाला सांगतो, आमची निर्वात टाकी न्हाणीघराएवढी, वायूचा दाब दाखवणारा मीटर तिच्या पार दाराशी आणि आयन निघतात मधोमध, अंगठ्याएवढ्या तोंडातून. त्या तोंडापाशी वायू दाट लागतो, नाहीतर आयन बनणार कशाचे? आणि वीतभर पुढे काहीच नको, नाहीतर धडकून मरणार सगळे! एकाच टाकीत दाट आणि विरळ! हे जमवलं होतं माझ्या बायकोनं, हेल्वीनं. पत्र्याची करंगळीएवढी नळी हातानं वळून तिनं वायू थेट तोंडाशी सोडला. चौदा वर्षं आयनांचा झोत हलला नाही. गेल्या हिवाळ्यात ती गेली. नळी होती.

मग आला हा सकारी, नवा प्रमुख! "ही नळी नकाशात कुठंय?" नाही म्हटलं. "मग काढा!" काढली, फेकली भंगारात, गेला झोत! जाणारच! वायू टाकीभर पसरला, पंपानं ओढून नेला... तर ह्या शहाण्यानं वायू आणखी सोडला! आत ठिणग्या फटाफट आणि हा काचेवर टिचकी मारतोय, "मीटर तर बरोबर दाखवतोय!" अरे, दाराशी बरोबर आहे रे! तोंडाशी काय चाललंय? तर म्हणतो, "यंत्रच म्हातारं झालंय. शुक्रवारी दुपारपर्यंत झोत नाही आला, तर मोडीत!"

हेल्वीचं यंत्र. मोडीत.

शुक्रवारी उजाडताच मी भंगाराच्या पेटीत कोपरापर्यंत हात घातला. सापडली! जरा चेपलेली. सरळ केली, पुसली, बसवली, पंप लावला... पावणेबाराला झोत! सकारी धावत आला, झोताकडे ढुंकून बघितलं नाही, मीटरच बघितला! "बघ! म्हटलं नव्हतं, मीटर बरोबर आहे?"

संध्याकाळी तळ्याकाठी आमच्या सौनात, वाफेच्या लाकडी खोलीत, हा वरच्या फळीवर, कान बिटासारखे लाल, तापलेल्या दगडांवर पळीपळीनं पाणी ओततोय. तापमापक दाराशी. मी म्हटलं, "सकारी, साठच अंश तर दाखवतोय, एवढा का भाजतोयस?" तर माझ्यावर हसला हो! "कमाल करतोस आर्वो! तो दाराशी टांगलाय! वाफ इथं वर आहे, त्याला काय डोंबल कळणार?"

मी सरकून बसलो. नळी परत आत आहे, हे त्याला जन्मात कळायचं नाही. मीटरवर दिसत नाही ना ती!