भरतीवर दुखणारा गुडघा

नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला मॅडमनी माझी केअर प्लॅनची फाइल कशी परत केली, ते तुम्हाला सांगितलंच नाही ना?

माझी पेशंट धाकटी डहाणू गावची एक आजी. सारा जन्म बोंबील वाळवण्यात गेलेला. गुडघा कधी दुखतो विचारलं की म्हणायची, "भरती लागली की, बाय." मी घड्याळ बघून लिहायचे. पहिल्या दिवशी दोन, मग पावणेतीन, मग साडेतीन. सीनियर म्हणाली, "येडी, रोज दोनच लिही, पास होशील." मी ऐकलं नाही.

मॅडम म्हणाल्या, "दुखणं रोज पाऊण तास पुढे सरकतं? घरी बसून भरलंस हे!"

मी असली भडकले! तशीच आजीच्या खाटेशी जाऊन सगळं सांगितलं.

आजी म्हणाली, "भरती रोज पुढेच सरकते. तुझ्या बाईंना उद्या सव्वाचारला बोलव."

मॅडम आल्या, घड्याळ बघत बसल्या. सगळा वॉर्ड पेंगुळलेला, आजीचेही डोळे मिटलेले. सव्वाचारला तिचा हात हळूच गुडघ्यावर गेला. खिडकीबाहेर खाडीच्या चिखलात कलंडलेली होडी तितक्याच हळू सरळ होत होती.

मॅडमनी माझी फाइल मागून घेतली. मग 'आराम कधी अपेक्षित' या रकान्यात त्यांनी स्वतःच लिहिलं, 'ओहोटीला'.