तारा सोमवारी निघणार होत्या

हो, मीच बोलले. तोंड मीट, गहिनीनाथ, आणि त्या खुर्चीवर नीट बैस. जबड्याच्या तारा सोमवारी निघायच्या होत्या, त्या डॉक्टरांनी परवाच काढल्या — आणि तुम्ही दूध संस्थेच्या मंडळींनी सोमवारच्या आत माझा राजीनामा घ्यायचे ठरवलेत, असे दिसते. दे इकडे तो कागद. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ — कोणाच्या प्रकृतीच्या? माझी उत्तम आहे. गाठ साधी निघाली, कर्करोगाची नव्हती. तिने पोखरलेला जबडा कापला आणि गुडघ्याखालचे बारीक हाड काढून त्या जागी पट्टीने बसवले. त्या हाडावाचून चालता येते, हे बघ — काठी नुसती धाकापुरती. “बाई आता लाथ बी तोंडानंच मारतेत” असे तुमचा सचिव आश्रुबा चावडीवर सांगत फिरतो, तेही मला कळले आहे. वाक्य चांगले आहे. शाळेत असताना त्याने असे एकही लिहिले नाही.

मला छावणीची अध्यक्ष कोणी केले? दुष्काळात जनावरे जगवायला संस्थेने चारा छावणी काढायची ठरली, आणि तुमचे दोन गट एकमेकांच्या उरावर बसले — तेव्हा ज्याला बोलताच येत नाही असे माणूस हवे झाले. “कुणाची हरकत असंल त्यानं बोलावं” — आश्रुबाने माझ्याकडे पाहून तीनदा विचारले. मी पाटीवर ‘हरकत’ लिहून पाटी उंच धरली. म्हणाला, “पाटीवरची हरकत इतिवृत्तात घेता येत न्हाई.” बावीस वर्षांत पहिला ठराव एकमताने झाला, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत तू पहिला होतास.

आता भीती कशाची वाटते, ते मीच सांगते. सहा आठवडे मी या ओट्यावर नळीने हुलग्याचे माडगे ओढत बसले, आणि गाव समोर येऊन बोलत बसले — मुक्या माणसापुढे काहीही सांगावे, अशी तुमची समजूत. भिवराबाई म्हणाली, तिची म्हैस छावणीत तिच्यापेक्षा बरे जेवते, तेव्हा तीही तिथेच मुक्कामाला जाणार. माणसे टँकरची वाट बघत असताना काट्यावर वजन वाढावे म्हणून छावणीच्या चाऱ्यावर पाणी मारतात — हे आश्रुबाने स्वतः सांगितले, नाक ओढत. ते आजपासून बंद. आणि तू? सासऱ्याच्या दोन म्हशी आष्टीहून आणून आपल्या छावणीत बांधल्यास, ओळखू येऊ नयेत म्हणून नावे बदललीस, आणि एकीला थेट माझे नाव दिलेस — सत्यभामा. मान वर कर. म्हशी सोमवारपर्यंत आष्टीला पोचल्या, तर मी कोणाला सांगणार नाही.

राजीनामा मात्र मिळणार नाही. कारण — तू विचारलेले नाहीस, पण कारण असे की चौतीस वर्षे शिकवले आणि कोणाचे एक वाक्य मी पुरे होऊ दिले नाही. क्रियापद यायच्या आत दुरुस्ती करून मोकळी. आमच्या ह्यांनीसुद्धा शेवटी काहीतरी सांगायला घेतले होते — मी म्हटले, आधी पाणी प्या, मग नीट बोला. — असो. पाणी प्यायले ते.

तारा निघाल्याचे कोणाला सांगायचे नाही. अध्यक्षबाई अजून महिनाभर बोलणार नाहीत, हाड जुळायला वेळ लागतो, असे संस्थेत सांग. ऊठ, मागच्या दाराने जा — कडूबाई येते आहे, जोडव्यांचा आवाज तिचाच. काल सुनेचे सांगता सांगता टँकर आला म्हणून अर्ध्यातून पळाली. सून परत आली की नाही, मला अजून — तो रुमाल दे आधी. हनुवटीखालून घे, गाठ डोक्यावर. घट्ट. आणि आता एक शब्दही —