मम्मी बँकॉकात एकटी

"हॅलो? … हॅलो, मम्मी? … अगं, कुठे आहेस तू?"

खापर गावच्या बाजारातल्या कापडाच्या दुकानात फाल्गुनी गादीवरून ताडकन उठली. कधीपासून ती बँकॉकला फोन लावत होती. तिचा भाऊ मयंक तिथे रत्नांच्या खड्यांच्या व्यापारात. आई धनकंवर महिनाभरासाठी त्याच्याकडे गेलेली. आज तो दुपारी जेवायला घरी आला, तर घर रिकामं.

"रस्त्यावर? कुठल्या रस्त्यावर? … हो, पाऊस येतोय ऐकू. मोठ्यानं बोल!"

समोर लुगडी चाळणाऱ्या सोनीबाईनं मान वर केली.

"थांब व सोनीबाई, मन्ही माय शे. परदेशमा हराई गयी… तुला नाही गं मम्मी, गिऱ्हाईक आहे. समोर काय दिसतंय ते सांग. … पाटी वाच ना. … जिलेबीसारखी अक्षरं? बरं, पाटी राहू दे. … नदी? नदी कुठून आली? मयंकचं घर तर बाजारात आहे! … गाडीत बसलीस? कसल्या? … पुलावरून धावणारी? आणि उतरलीस कुठे? … सगळे उतरले म्हणून तूही उतरलीस! अरे देवा."

फाल्गुनीला काही उमजेना. शेजारच्या अक्कलकुव्याला डॉक्टरकडे जायचं तरी जिला सोबत लागायची, ती ही बाई?

"ऐक, मयंक घाबरलाय. पोलिसात जातो म्हणतोय. त्याचा फोन का उचलत नाहीस? … रागावेल म्हणून? … मग शेजारी कुणी असेल त्याला फोन दे, मी बोलते. … दे गं! … हॅलो? सर? … सॉरी, मॅडम. माय मदर… येस, मदर. लॉस्ट. … नॉट लॉस्ट? … व्हॉट बोट? … नो, नो बोट! होम! मदर होम!"

पलीकडची बाई खळखळून हसली आणि फोन पुन्हा आईच्या हाती गेला.

"ती बोटीचं काय म्हणत होती? … तिकीट काढलंस? कुठलं? … कुठलं ते माहीत नाही? … मम्मी, मयंकच्या पत्त्याचं कार्ड पर्समध्ये आहे ना? मग टॅक्सीवाल्याला दाखव आणि… हो? म्हणजे घरी कसं जायचं ते ठाऊक होतं तुला? … मग हरवलीस कशी? … काय? परत बोल. … सापडायचं नाही एवढ्यात? म्हणजे काय?"

आई सांगत गेली आणि फाल्गुनी ऐकत राहिली. बोटांत सोनीबाईसमोरच्या लुगड्याचा काठ उगाच गुंडाळत, सोडत.

"हं… हं… नदी रोज खिडकीतून नुसती लांबून दिसायची? … हो, सोबतीला कायम आधी पप्पा, मग मी. मीच म्हणायचे, एकटी जाऊ नकोस. … तसं नाही गं, काळजी वाटायची. … रडतेस का? … हसतेस? मला काही समजत नाही, मम्मी. … खाल्लंस काही? … पेरू? मीठ-मिरची लावून? … बरं, डोकं पूस आधी. … बोट आली? अगं, ओलं असेल, सांभाळून चढ, कुणाचा तरी हात धर! … मम्मी, मयंकला काय सांगू? … हॅलो? … हॅलो?"

फोन तुटला होता.

"भेटनी का व तुन्ही माय?" सोनीबाईनं विचारलं.

"भेटनी बी, नही बी," फाल्गुनी म्हणाली. तेवढ्यात मयंकचा फोन आला.

"हॅलो? हां भाई… झालं बोलणं. बरी आहे. … कुठे, ते मला विचारू नकोस. मला नाही कळलं, तिलाही नाही. … नको, पोलिसात नको जाऊस. … ओरडू नकोस माझ्यावर! कार्ड आहे तिच्याकडे, संध्याकाळपर्यंत येईल. … आली की रागवायचं नाही, समजलं? जेवायला वाढ. … कुणाबरोबर म्हणजे? … कुणीच नाही रे. एकटीच फिरतेय. … हो, मम्मी. आपलीच मम्मी! … ठेवते आता."