राजवाड्यातला व्याही

लग्नात रुसणाऱ्यायचं मले सांगूच नका. वलगावले माह्या पुतण्याचं लग्न झालं ना, त्याचा सासरा गोरा. लंडनच्या राजवाड्यात लहानसा साहेब होता. बापाचं तेच काम अन् याचंही तेच: राजाच्या पंगतीत कोणत्या देशाचा राजदूत कुठं बसवायचा, अन् कोणी रुसला तर त्याले मनवायचं.

ऐन लग्नात आमचे मोठे जावई खोलीत कडी लावून बसले. काऊन? तर त्यायच्या आधी धाकट्या जावयाले मानाची शेला-टोपी गेली.

साहेबाले हे समजलं. त्यानं कोट झटकला अन् विचारलं, "हे कोणत्या देशाचे?"

पुतण्या म्हणाला, "देशाचे नाही, जावई हायेत."

"दहा मिनिटं द्या मले."

जावई तेल्हाऱ्याले इंग्रजीचे मास्तर, म्हणून बोलायची अडचण नव्हती. साहेब आत गेला, पुन्हा कडी लागली. अर्धा तास झाला, मुहूर्त टळून राहिला होता. मी दार ठोकलं.

आतून जावई ओरडले, "माहं जाऊ द्या! व्याहीभेटीत साहेबाले नुसता हार घातला. शेला-टोपी काऊन नाही? पोरीचा बाप हाये तो!"

"चुकलंच आमचं. आता या ना दोघंही बाहेर!"

"मी येऊन राहिलो. साहेबच यायले नाही म्हणून राहिले."